गाडीत शस्त्र, समोर नाका : निर्णय कोणाचा?

बीदर शहरात १६ जानेवारी २०२५ रोजी भर दिवसा एटीएममध्ये भरावयाच्या रोकडीवर दरोडा पडला. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी स्टेट बँकेसमोर रोकडवाहनाच्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यात एकाचा मृत्यू झाला. त्याच दिवशी या दोघांनी हैदराबादच्या अफझलगंज भागात पुन्हा गोळीबार केला. एका राज्यातील गुन्ह्याचे पडसाद काही तासांत दुसऱ्या राज्याच्या राजधानीत उमटले, कारण बीदरहून तेलंगणाची हद्द फार दूर नाही.

अशा घटनेनंतर सीमेवरचे तपासणी नाके कडक होतात आणि त्याचा अनुभव सामान्य प्रवाशालाही येतो. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या एका अंगाला नांदेड, लातूर, धाराशिव व सोलापूर, तर दुसऱ्या अंगाला तेलंगणा. पुणे-हैदराबाद महामार्ग उमरग्यानंतर कर्नाटकात शिरतो आणि बसवकल्याण तालुका व हुमनाबाद ओलांडून जहीराबादकडे तेलंगणात उतरतो. म्हणजे काही तासांच्या प्रवासात तीन राज्यांचे पोलीस लागतात. याच भागात अफझलपूर तालुक्यात गाणगापूर आहे. गोव्यातून आणि महाराष्ट्रातून दत्तभक्तांच्या गाड्या तेथे वर्षभर जात असतात. नांदेडच्या हुजूर साहिबहून बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्याकडे शीख भाविक जातात. ऊसतोडीच्या हंगामात कोयते बांधलेल्या मजुरांच्या टोळ्या हीच सीमा ओलांडतात.

या रस्त्यावर एखाद्याच्या गाडीत परवान्याचे पिस्तूल किंवा बंदूक असेल आणि पोलिसाने हात दाखवून गाडी थांबवली, तर पुढे काय होणार हे कोण ठरवतो? शस्त्रधारक, शिपाई, जिल्हाधिकारी की न्यायालय? कायद्याने हा निर्णय एकाच्या हाती दिलेला नाही. नाक्यावरची पहिली काही मिनिटे पोलिसाची असतात, मात्र तेथे त्याने घेतलेला प्रत्येक निर्णय तात्पुरता असतो. अंतिम निर्णय रस्त्यापासून दूर, जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि न्यायाधीशांच्या मेजावर होतो.

थांबवण्याचा अधिकार

वाहनचालकाचा परवाना तपासणे आणि शस्त्राचा परवाना तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा आहे. त्याच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने आपला परवाना दाखवला पाहिजे. येथे गणवेश ही अट महत्त्वाची आहे. पोलीस असल्याची बतावणी करून गाड्या लुटणारेही असतात.

दुसऱ्या कामाचा आधार शस्त्र अधिनियम, १९५९. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्याने १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेतली. त्यातील कलम २३ नुसार शस्त्रकायद्याचा भंग होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे काय, हे पाहण्यासाठी दंडाधिकारी किंवा कोणताही पोलीस अधिकारी वाहन थांबवून झडती घेऊ शकतो. शस्त्र आढळल्यास ते आणि त्यासोबत वाहनही जप्त करू शकतो. या कलमात हुद्द्याची अट नाही. त्यामुळे ‘फौजदाराला बोलवा, तुम्ही कोण?’ असा प्रश्न नाक्यावरच्या हवालदाराला विचारून फारसे काही साधत नाही. घराच्या झडतीची बाब वेगळी. तेथे कलम २२ नुसार दंडाधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे नोंदवावी लागतात. घराला जे संरक्षण आहे ते रस्त्यावरच्या गाडीला नाही.

परवाना मागितल्यावर

शस्त्रधारकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम १९ हे आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली अशी की, शस्त्र बाळगणाऱ्या कोणत्याही व्यक्तीकडे पोलीस अधिकारी परवान्याची मागणी करू शकतो. परवाना दाखवता आला नाही, किंवा आपल्याला परवान्याची गरजच नाही हे सिद्ध करता आले नाही, तर अधिकारी नाव व पत्ता विचारू शकतो आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. ही दुसरी पायरी. नाव-पत्ता नाकारला, खोटा असल्याचा संशय आला किंवा ती व्यक्ती पळून जाईल असे वाटले, तर तिसऱ्या पायरीवर वॉरंटविना अटक होऊ शकते.

म्हणजे परवाना घरी विसरला एवढ्या कारणाने थेट अटक करावी, असे हे कलम सांगत नाही. पण शस्त्र सोबत ठेवू द्यायचे की नाही, हे त्या क्षणी पोलीसच ठरवतो, हेही त्यात स्पष्ट आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा मात्र गंभीर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. जुन्या परवान्याच्या बळावर तिसरी बंदूक घेऊन फिरणाऱ्याने हा बदल लक्षात घेतला पाहिजे.

‘परवान्याची गरज नाही’ हे शब्द कर्नाटकात निरर्थक नाहीत. कोडगु जिल्ह्यातील कोडव समाज व तेथील जम्मा जमीनधारक यांना केंद्र सरकारने परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे आणि तिची मुदत २०२९ पर्यंत आहे. त्या सवलतीचा पुरावा मात्र ज्याने त्याने स्वतः द्यायचा असतो.

परवाना असूनही

खिशात वैध परवाना आहे म्हणून पोलिसाचा अधिकार संपत नाही. कलम २० नुसार शस्त्र अशा रीतीने किंवा अशा परिस्थितीत नेले जात असेल की त्याचा बेकायदा वापर होईल असा रास्त संशय यावा, तर परवाना असो वा नसो, अटक आणि जप्ती होऊ शकते. हा अधिकार केवळ पोलिसांपुरता नाही. रेल्वे, जहाज किंवा वाहनावर काम करणाऱ्या व्यक्तीलाही तो आहे. म्हणजे कलबुर्गीत मुख्यालय असलेल्या कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसमधील वाहकसुद्धा कागदोपत्री या कलमाच्या कक्षेत येतो.

संशय ‘रास्त’ असला पाहिजे, हे मात्र कायद्याचे बंधन आहे. शस्त्र कसे बाळगले आहे यावर बरेच अवलंबून असते. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात किंवा तशाच पिशवीत, आणि मोठी बंदूक तिच्या आवरणात ठेवली पाहिजे. शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि धारकाचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असावे. आसनावर उघडी ठेवलेली बंदूक किंवा लग्नाच्या वरातीत उंचावलेले पिस्तूल या नियमात बसत नाही. आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सीमा ओलांडली की

या दोन जिल्ह्यांत अडचण बहुधा परवान्यावरील एका ओळीतून उद्भवते. तो परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल, हे त्या ओळीत लिहिलेले असते. वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, म्हणून शस्त्राचाही चालेल असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अनेक शस्त्रपरवाने एका राज्यापुरते असतात आणि देशभराचे क्षेत्र हवे असल्यास त्याची वेगळी मान्यता लागते. उमरग्याचा परवानाधारक बसवकल्याणच्या आठवडी बाजाराला जातो, उदगीरचा व्यापारी कमलनगरमार्गे भालकीला जातो, तेव्हा त्याच्या लेखी तो शेजारच्या गावी चाललेला असतो. १९५६ पूर्वी उदगीर बीदर जिल्ह्यातच होते, नातीगोती व व्यवहार आजही दोन्हीकडे आहेत. परवान्यावरील क्षेत्र मात्र राज्याच्या आजच्या हद्दीवर थांबते.

क्षेत्राबाहेर शस्त्र नेले तर तो परवान्याच्या अटीचा भंग समजायचा की विनापरवाना शस्त्र? पहिले मानले तर कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दुसरे मानले तर किमान दोन वर्षे. दोहोंतील अंतर मोठे आहे आणि ते नाक्यावर ठरत नाही. शिपाई शस्त्र ताब्यात घेतो, ठाणेदार गुन्ह्याचे कलम लावतो, पण विनापरवाना बंदुकीचा, म्हणजे कलम ३ च्या भंगाचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय उभा राहू शकत नाही. कलम ३९ ने घातलेली ही अट शस्त्रधारकाच्या बाजूची मोठी ढाल आहे. शस्त्र लातूरच्या रहिवाशाचे आणि कारवाई बीदरला झाली, तर परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा प्रश्न परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जातो. त्याने कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्याच्या आदेशावर अपील करता येते.

गोव्यातील वाचकांसाठी येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे शेती-बागायतीच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने घेतलेली घरे आहेत. असा परवाना ज्या कामासाठी दिला त्याच कामापुरता असतो. ती बंदूक गाडीत घालून चोर्ला किंवा अनमोड घाट चढणे आणि गाणगापूरची वाट धरणे, हे त्या परवान्यात बसत नाही.

कोयता, कृपाण आणि काठी

सीमेवरच्या गाड्यांत बंदुकीपेक्षा धारदार वस्तू अधिक सापडतात. शस्त्राची कायदेशीर व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातातली काठी ही उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. ऊसतोड मजुराचा कोयता याच वर्गात मोडतो. तलवार, खंजीर, भाला अशा हत्यारांसाठी पात्याच्या मापाची मर्यादा आहे : लांबी नऊ इंचांहून अधिक किंवा रुंदी दोन इंचांहून अधिक. शिवाय अशा हत्यारासाठी परवाना सर्वत्र लागत नाही. कलम ४ नुसार सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच तो लागतो. शीख भाविकांच्या कृपाणाला तर संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच स्थान आहे. कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे.

तरीही कोयता टोळीसोबत मालमोटारीत असणे आणि रात्री दोन वाजता मोटारसायकलच्या आसनाखाली असणे, यांत पोलीस फरक करतात आणि तो करण्यास त्यांना वाव आहे. वस्तू तीच असली तरी परिस्थिती बदलली की संशयही बदलतो.

गाडीत चौघे, बंदूक एकाची

झडतीत मिळालेले शस्त्र कोणाचे, हा प्रश्न चालकाच्या जिव्हाळ्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात ताब्याचा अर्थ स्पष्ट केला. शस्त्र अंगावर असलेच पाहिजे असे नाही, पण ते असल्याची जाणीव आणि त्यावर अधिकार किंवा नियंत्रण असणे आवश्यक आहे. केवळ त्याच गाडीत बसला म्हणून प्रत्येक जण आपोआप दोषी ठरत नाही. मात्र जाणीव होती की नव्हती, हे पुराव्यानेच ठरते आणि तोवर चौघांनाही ठाण्यात उत्तरे द्यावी लागतात.

मालक घरी आणि बंदूक चालकासोबत, हा प्रकारही ग्रामीण भागात दिसतो. परवाना नसलेल्या व्यक्तीला परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानिशी, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी अथवा खुद्द धारकाच्या वापरासाठीच बंदूक नेता येते. ‘साहेबांची आहे’ एवढे तोंडी उत्तर पुरत नाही.

निवडणुकीचे दिवस

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव, सोलापूर आणि गोवा या सर्व ठिकाणी ७ मे रोजीच मतदान झाले. अशा काळात नाक्यांचे स्वरूप बदलते. निवडणूक आयोगाच्या स्थायी देखरेख पथकासोबत कार्यकारी दंडाधिकारी असतो आणि तपासणीचे चित्रीकरण होते. निर्णयाचा मोठा भाग पोलिसाकडून दंडाधिकाऱ्याकडे सरकतो.

निवडणुकीपूर्वी सर्वांनीच शस्त्रे जमा करावीत काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयातून निघाले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध गोविंद तथा भाई गणेश तिळवे यांनी केलेल्या २००९ च्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सरसकट सर्वांची शस्त्रे घेण्याऐवजी प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत गुंतलेले यांच्याकडे विशेष पाहावे, असा त्यांचा आशय आहे. निवडणूक आयोगाने ती तत्त्वे देशभर लागू केली. त्या याचिकेचा परिणाम आज बीदरच्या शेतकऱ्याच्या बंदुकीपर्यंत पोहोचतो. समितीची नोटीस मिळून शस्त्र जमा केले नसेल, तर मात्र नाक्यावर परवाना दाखवून सुटका होत नाही.

पोलिसाच्या हातातील शस्त्र

नाक्यावर दुसरे शस्त्र पोलिसाकडे असते आणि त्यालाही भीती असते. जून २०२३ मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या जेवर्गी तालुक्यात वाळूचा ट्रॅक्टर अडवू पाहणाऱ्या हवालदाराला त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मारण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये गांजाच्या तपासासाठी उमरगा-बसवकल्याण सीमाभागात गेलेल्या कमलापूरच्या पोलीस निरीक्षकावर जमावाने प्राणघातक हल्ला केला. गाडी थांबवणाऱ्या पोलिसाच्या मनात अशा घटना ताज्या असतात, हे शस्त्रधारकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

पण भीती म्हणजे परवाना नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटकेला बळाने विरोध झाला तर पोलीस आवश्यक ते सर्व उपाय योजू शकतो. मात्र मृत्यू किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा जो आरोपी नाही, त्याला ठार करण्याचा अधिकार हे कलम देत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला आहे, पण तो नागरिकाइतकाच मोजूनमापून आहे. गोळीबारात मृत्यू झाला तर पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिलेले १६ निर्देश लागू होतात. गुन्हा नोंदवणे, गुन्हे अन्वेषण विभागाकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि संबंधित पोलिसांची शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे, हे त्यात येते.

अमेरिकेत हाच प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या खटल्यात, वाहतूक तपासणीसाठी थांबवलेल्या चालकाला खाली उतरण्यास सांगण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तरीही २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात एका परवानाधारक चालकाने आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे स्वतःहून सांगितले आणि काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी तो मरण पावला. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी ज्यूरीने निर्दोष ठरवले. सांगण्याइतकेच सांगताना हात कोठे आहेत हे महत्त्वाचे, असा धडा जगभरच्या शस्त्रधारकांनी त्यातून घेतला.

प्रत्यक्ष नाक्यावर

आपल्या कायद्यातील भाषा ‘मागणी केल्यास’ परवाना दाखवण्याची आहे. तरीही झडती सुरू होण्यापूर्वी स्वतःहून सांगणे शहाणपणाचे असते. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, आतला दिवा लावावा आणि हात चाकावर ठेवावेत. ‘माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आहे, ते अमुक ठिकाणी आहे, परवाना तमुक खिशात आहे’ असे सांगून पोलिसाच्या सूचनेची वाट पाहावी. शस्त्र स्वतः बाहेर काढून दाखवू नये. भाषेची अडचण असेल तर घाई करू नये. या भागातील अनेकांना मराठी किंवा दखनी समजते, पण कानडी शिपायाला घाईघाईने बोललेले मराठी वाक्य आणि खिशाकडे गेलेला हात यांचा मेळ लागेलच असे नाही. समोरची व्यक्ती पोलीस आहे का, अशी खरोखरच शंका आली तर ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि जवळच्या ठाण्यात चलण्याची विनंती करावी.

शस्त्र ताब्यात घेतले गेले तर तेथे झोंबाझोंबी करू नये, तसेच कागदाविना निघूनही जाऊ नये. पंचनाम्यात शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, जागा व वेळ नोंदली आहे ना, हे पाहावे आणि प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चित्रीकरण झाले का, हे नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रवाशाला आहे. महिलेची अंगझडती महिलेनेच, सभ्यतेची मर्यादा पाळून घ्यावी लागते. अटक झाल्यास कारण सांगणे, वकिलाशी संपर्क होऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, ही संविधानाच्या अनुच्छेद २२ ची हमी कर्नाटकात, महाराष्ट्रात, तेलंगणात आणि गोव्यात सारखीच आहे.

तंटा करायचाच असेल तर तो कागदावर करावा : पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, जप्त शस्त्र परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज, परवान्यावर कारवाई झाल्यास अपील. आणि सीमेपलीकडे निघण्यापूर्वी घरीच परवाना उघडून क्षेत्राची ती एक ओळ वाचावी. तेथे फक्त आपल्या राज्याचे नाव असेल, तर शस्त्र घरच्या कुलपातच ठेवून प्रवासाला निघावे.